पट्टा मीच बांधला होता

हे लिहू की नको असं दोन महिने चाललेलं, कारण यात मी काही फार चांगला दिसत नाही. पण परवा कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी कुत्र्याला दगड मारतानाचा व्हिडिओ टाकला, खाली सगळ्यांनी "माणुसकी मेली" वगैरे लिहिलं, मीपण टाईप करायला घेतलं आणि हात थांबला. म्हटलं आपण कोण मोठे लागून गेलो.

चिंगी ही कुत्री साताऱ्यातल्या आमच्या गोडोलीतली, गल्लीच्या तोंडाला एक टेम्पो कायम उभा असतो त्याच्या खाली झालेली. चार पिल्लं होती. दोन महिनाभरातच गेली, रक्ताची हगवण आणि असा वास की टेम्पोजवळून जाववत नव्हतं, तेव्हा आम्ही म्हणालो नजर लागली, नंतर डॉक्टरांकडून कळलं की हा बहुतेक पार्वो नावाचा पिल्लांना होणारा आजार असणार आणि त्याची लस मिळते. एक पिल्लू कुणीतरी नेलं. राहिली चिंगी. मी रोज सकाळी एमआयडीसीत जाताना तिला पारले-जी टाकायचो, आणि ती आपली आहे हे लोकांना कळावं, कुणी उचलून नेऊ नये म्हणून साठ रुपयांचा लाल नायलॉनचा पट्टा आणून गळ्यात बांधला. तीन महिन्यांची असेल. फोटोपण काढला, स्टेटसला ठेवला, पन्नासेक हार्ट आले.

मग कंपनीनं मला सहा महिन्यांसाठी चाकणला पाठवलं. शनिवारी रात्री यायचो, रविवारी झोपायचो, सोमवारी पहाटेची गाडी. चिंगी दिसायची लांबून, शेपूट हलवायची पण जवळ यायची नाही, मला वाटलं विसरली. शेवटी समोरच्या काकूंनी सांगितलं, "आरं त्या कुत्रीच्या गळ्याला लय घाण वास येतोय, बघ तरी जरा."

बघितलं तर पट्टा दिसतच नव्हता. नुसतं बक्कल दिसत होतं, मानेच्या मागं, आणि बाकी सगळीकडं केसाखाली ओली लालभडक रेघ. कुत्री वाढली, पट्टा वाढला नाही, कातडी त्याच्यावरून चढली. आत अळ्या पडलेल्या. भुलीचं इंजेक्शन देऊन डॉक्टरांनी तो पट्टा कात्रीनं तीन तुकडे करून काढला, आणि मला एकच प्रश्न विचारला, "कुणी बांधलेला हा?" मी म्हटलं माहीत नाही. खोटं बोललो सरळ. पुढं एकवीस दिवस ड्रेसिंग होतं, ते सगळं मीच केलं, पण ते काय भरपाई म्हणून सांगत नाही.

त्यांनी तेव्हा सांगितलेलं अजून लक्षात आहे, की पट्ट्यात दोन बोटं सहज गेली पाहिजेत आणि पिल्लू असेल तर दर आठवड्याला घालून बघायची. एवढंच. याला ना पैसे लागतात ना प्राणीप्रेम लागतं, फक्त कुणाच्या तरी डोक्यात ते राहायला लागतं. माझ्याकडं प्रेम होतं की, स्टेटस आहे पुरावा म्हणून. लक्ष नव्हतं.

त्यानंतर मी जरा वाचायला लागलो. आपला प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे. त्यात मारणं, जास्त ओझं लादणं, उपाशी ठेवणं हे तर आहेच, पण कुत्रं कायम साखळीला बांधून ठेवून त्याला फिरवलंच नाही तर मालकाचा तो गुन्हा धरलाय. आमच्याच गल्लीत गेटला आयुष्यभर बांधलेली तीन कुत्री मला लगेच आठवली, आणि त्यांचे मालक एकदम सज्जन माणसं, एक तर दरवर्षी वारीला जातात. शिक्षा मात्र वाचून हसू येईल, पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. कित्येक वर्षं तोच आकडा. माझा पट्टासुद्धा साठ रुपयांचा होता. जनावराला ठार मारलं किंवा कायमचं जायबंदी केलं तर आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण तिथपर्यंत पोचेस्तोवर जनावर गेलेलं असतं.

आता घोड्याचं. त्यातपण आमच्याच घरचा विषय आहे.

मागच्या मे महिन्यात चुलतभावाचं लग्न. वरातीला पांढरा घोडा पाहिजे, पुढं डीजे पाहिजे, सगळं ठरलेलं. पोवई नाक्याच्या अलीकडं वरात थांबली आणि डीजेवाल्यानं बेस वाढवला, माझ्या छातीत धडधडत होतं तर घोड्याचं काय होत असेल, तो एका जागेवर पाय बदलत होता, कान मागं चिकटवलेले, आणि तोंडाला फेस. मी शेजारी होतो म्हणून दिसलं, फेस गुलाबी होता. मी घोडेवाल्या मामांच्या अंगावर गेलो. भर वरातीत. लाज वाटत नाही का, वगैरे. ते शांतपणे म्हणाले, "दादा, साधा लगाम लावला तर ह्यो डीजेम्होरं हुबा ऱ्हाईल का? नवरदेव पडला तर मार कुणी खायाचा, तुमी का मी?"

मला उत्तर सुचलं नाही. डीजेच्या वर्गणीत माझे पाच हजार होते.

काटेरी लगाम म्हणजे काय हे ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी, घोड्याच्या तोंडात जी लोखंडी कडी जाते तिला आतल्या बाजूनं टोकं असतात, ओढलं की गालात आणि जिभेवर टोचतात. १९६५ च्या ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांच्या नियमांमध्ये असली टोकं असलेल्या लगामाला सरळ मनाई आहे, म्हणजे माझा जन्म व्हायच्या आधीपासून. त्याच नियमात आहे की पारा ३७ च्या वर जातो त्या भागात दुपारी बारा ते तीन जनावर गाडीला जुंपायचं नाही, दिवसाला एकूण नऊ तासांच्या वर नाही, आणि टट्टूच्या पाठीवर ओझं ७० किलोपर्यंतच. हे वाचलं आणि महाबळेश्वरला वेण्णा लेकवर मी ८४ किलोचा गडी ज्या घोड्यावर बसून फोटो काढला होता तो आठवला. दोन फेऱ्या मारल्या होत्या, कारण पहिल्या फेरीचे फोटो हलले होते.

लग्नानंतर आठवड्यानं मी त्या मामांकडं गेलो. माफी मागायला म्हणा किंवा बघायला म्हणा. पत्र्याची शेड, दोन घोडे, एक घोडी, खाली माती कोरडी, पाण्याची टाकी भरलेली. मला वाटलेलं तसं काही नव्हतं तिथं. मामा खरारा करत होते. मला म्हणाले बसा, आणि मग तासभर माझी शाळा घेतली. घोड्याला उलटी होत नाही हे मला माहीत नव्हतं. म्हणजे जे पोटात गेलं ते मागूनच निघणार, मध्ये अडकलं की पोटशूळ, घोडा लोळतो, पोटाकडं वळून वळून बघतो, आणि वेळेत डॉक्टर आला नाही तर मरतो. आणि वरातीत लोक त्याला काय घालतात तर जिलेबी, बुंदी, पंगतीतला उरलेला भात. "लोकास्नी वाटतं आपुन पुण्य करतूया," मामा म्हणाले, "आन मी रातभर कंदील घिऊन त्येला फिरवीत बसतूया." चंदी म्हणजे दाणा मोजून, कडबा आणि गवत दिवसभर थोडं थोडं, पाणी दिवसाला २५-३० लिटर, उन्हाळ्यात अजून जास्त. नखं महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात म्हणून दीड-दोन महिन्यांनी नाल ठोकणारा नालबंद आलाच पाहिजे, खूर न कापता जुनाच नाल ठोकून ठेवला की घोडा लंगडतो आणि लोक म्हणतात म्हातारा झाला. त्यांनी भिंतीवर कोळशानं तारखा लिहिलेल्या, नालाची, धनुर्वाताच्या इंजेक्शनची, जंताच्या औषधाची. तीन घोड्यांच्या तीन रांगा. आमच्या चिंगीची एकपण तारीख मला तेव्हा सांगता आली नसती.

आणि त्याच भिंतीवर खिळ्याला तो काटेरी लगाम लटकत होता. मी बघतोय हे त्यांनीपण बघितलं. काही बोलले नाहीत.

आमच्याकडं दिवाळीच्या सुमाराला माण-खटावकडचे मेंढपाळ मेंढरं घेऊन खाली उतरतात, तुम्ही बघितले असतील, टट्टवांवर अख्खा संसार, वर कोंबड्या, कोकरं, आणि बरोबर चालणारी कुत्री. त्यातल्या एका कुत्र्याच्या गळ्यात मी खिळ्यांचा पट्टा बघितलेला, टोकं बाहेरच्या बाजूला, लांडग्यानं मान धरली तर त्याचंच तोंड फुटावं म्हणून. तेच लोखंड, तीच टोकं, फक्त कुठल्या बाजूला वळवलीत त्याचा फरक.

बरं, कुत्र्यांबद्दल लिहिलं की दोन पार्ट्या पडतात हे मला माहीत आहे. माझी आई कुत्र्यांना घाबरते, तिला एकदा चावलंय, आणि तेव्हा घरात जखमेवर तिखट भरलं होतं. असलं काही करू नका. चावलं, ओरबाडलं तरी वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि तसंच उठून सरकारी दवाखान्यात लसीला जायचं, जखम खोल असेल किंवा रक्त आलं असेल तर त्यासोबत जखमेत द्यायचं सीरमपण असतं ते विचारायचं. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस वाचत नाही, एवढं एकच वाक्य पुरेसं आहे. त्यामुळं जे म्हणतात आम्हाला भीती वाटते त्यांना वेड्यात काढायचं काम नाही. पण त्यावर उपाय दगड नाही. मादी वर्षातून दोनदा माजावर येते, त्रेसष्ट दिवसांत पिल्लं, आणि एका भागातली कुत्री उचलून दुसरीकडं सोडली की मोकळ्या जागेत नवी येतात, बिनलसीची. म्हणून २००१ च्या आणि नंतर २०२३ च्या नियमांत नसबंदी, रेबीजची लस आणि परत त्याच जागी सोडणं असं आहे. सुप्रीम कोर्टात २०२५ मध्ये यावर बरंच झालं, शाळा, दवाखाने, स्टँड असल्या ठिकाणांसाठी वेगळे आदेश आले, आणि खायला घालायचं तर ठरलेल्या जागी हेपण आलं. मला ते पटतं. मी स्वतः जिन्याखाली बिस्किटं टाकायचो, जिथून पहिली-दुसरीची पोरं शाळेला जातात. आणि नुसती बिस्किटं घालून लस न देणं याला मी आता काळजी म्हणत नाही, सवय म्हणतो.

एक राहिलं, साताऱ्यात हस्की पाळणाऱ्यांनो, तुम्हाला हात जोडतो. बर्फातलं कुत्रं मे महिन्यात पंख्याखाली जीभ काढून पडलेलं असतं आणि तुम्ही म्हणता मस्त झोपलाय. आपल्याकडं कारवानी जातीची कुत्री आहेत, गावठी तर गल्लीगल्लीत आहेत, इथल्या उन्हातच वाढलेली.

जनावर आजारी दिसलं तर १९६२ या नंबरला फोन लावा, पशुवैद्यकाची गाडी येते. शिरवळला तर अख्खं पशुवैद्यकीय कॉलेज आहे आपल्याच जिल्ह्यात. सांगलीकडं अ‍ॅनिमल राहत या संस्थेची माणसं बैल, घोडे, गाढवं अशा कामाच्या जनावरांचं काम करतात.

डिसेंबरात माझ्या सख्ख्या भावाचं लग्न झालं. मी घरात म्हटलं घोडा नको. मामांना फोन करून तसं सांगितलं, तर ते म्हणाले, "बरं. मग माझा घोडा सीझनला खाईल काय?" यालापण माझ्याकडं उत्तर नव्हतं. शेवटी घरात चार दिवस भांडून डीजे कॅन्सल केला, आत्या अजून बोलत नाही, आणि घोडा ठेवला. सनई आणि ताशा, तोपण लांब पुढं. मंदिरापासून हॉलपर्यंत, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. साधा लगाम लावतो असं मामा म्हणालेले, तरी मी जाऊन तोंड उघडून बघितलं, त्यांना ते आवडलं नाही. घोडा दोनदा बिचकला, भाऊ पडला नाही. जिलेबी घेऊन आलेल्या दोन पोरांना मी परत पाठवलं, एक रडत गेला.

काटेरी लगाम अजून भिंतीवर आहे. दुसऱ्या वराती आहेत ना त्यांना.

चिंगीच्या गळ्याभोवती आता बिनकेसाची एक रेघ आहे, नसबंदीची कानाला खाच आहे, पट्टा नाही. तारखा मी कॅलेंडरवर लिहायला लागलोय. येत्या रविवारी तिची रेबीजची वर्षाची लस आहे आणि त्याच दिवशी सकाळी मामांकडं नालबंद येणार आहे, मला बघायला बोलावलंय. दोन्ही जमेल असं वाटतंय, फक्त चिंगी डॉक्टरांचं नाव काढलं की त्या टेम्पोखाली घुसते आणि तिथून तिला कसं काढायचं हे अजून ठरलेलं नाही.