दार उघडल्यानंतर

‘लिऑन’ हा चित्रपट माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना त्यातल्या खलनायकासाठी, म्हणजे गॅरी ओल्डमनसाठी आवडतो, नाहीतर शेवटच्या गोळीबारासाठी. माझ्या डोक्यातून जात नाही तो दाराचा प्रसंग.

बारा वर्षांची माथिल्डा दुकानातून सामान घेऊन येते. घराचं दार सताड उघडं, आत बंदुका घेतलेली माणसं, आणि बाप पडलेला. ती थांबत नाही. स्वतःच्याच घरावरून परक्यासारखी चालत पुढे जाते आणि कॉरिडॉरच्या टोकाच्या दाराची बेल दाबते. दारापलीकडे लिऑन आहे, सुपारी घेऊन माणसं मारणारा. तो भिंगातून तिला बघतोय, पण उघडत नाहीये. ती रडत, ओठांतल्या ओठांत त्याला विनवतेय. शेवटी दार उघडतं आणि तिच्या तोंडावर उजेड पडतो.

मी एका बालगृहात समुपदेशक आहे. नव्याने आलेली मुलं रोज बघते, म्हणून खात्रीने सांगते की तिच्या त्या चालण्यात काडीचीही खोट नाही. भयंकर काही बघून आलेलं मूल आरडाओरडा करेलच असं नसतं. पुष्कळदा ते फार शहाण्यासारखं वागतं. विचारलं तेवढ्याचं उत्तर देतं, हातातली पिशवी सोडत नाही, आणि रात्री उशीखाली पोळी लपवून झोपतं. माथिल्डा बाकी घरच्यांसाठी फारशी रडत नाही, तिला दुःख आहे ते चार वर्षांच्या धाकट्या भावाचं. त्याला तीच सांभाळत होती. अशा थोरल्या बहिणी मी खूप पाहिल्यात.

दिग्दर्शक ल्यूक बेसाँने हा चित्रपट १९९४ साली केला. त्याच्या आधीच्या ‘निकिता’मध्ये, इथे लिऑन झालेल्या झाँ रेनोने एक थंड डोक्याचा ‘क्लीनर’ म्हणजे खुनानंतरची निस्तरानिस्तर करणारा माणूस केला होता, त्या पात्रातून पुढे लिऑन सुचला. लिऑन दूध पितो, कुंडीतल्या एका झाडाची पानं पुसतो, खुर्चीत बसून एक डोळा उघडा ठेवून झोपतो. लिहिता-वाचता येत नाही. कमाई सगळी टोनी नावाच्या हॉटेलवाल्याकडे पडून असते आणि मागताना त्याची जीभ अडखळते. वयाने वाढलेला असला तरी मला तो मोठा माणूस वाटत नाही. कोवळ्या वयात कुणीतरी कामाला लावलेला आणि तिथेच राहून गेलेला मुलगा आहे तो. म्हणून तर माथिल्डा त्याला अक्षरं शिकवते तेव्हा त्यात काही विपरीत वाटत नाही.

दार उघडल्यावर पुढे काय करायचं हे त्याला कुठे माहीत असतं? तो स्वयंपाकघरातला डुकराच्या तोंडाचा हातमोजा चढवतो आणि डुकराचा आवाज काढतो. पोरीला घटकाभर हसू येतं. आणि त्याच रात्री ती झोपल्यावर तो तिच्या डोक्यावर पिस्तूल रोखतो, मग मागे घेतो. हे दोन्ही एकाच माणसात आणि एकाच रात्री दाखवलं, याबद्दल मी बेसाँला मानते.

आपल्याकडे असं मूल सापडलं तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन करता येतो, २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. माथिल्डाला ती वाटच नाही. तिचं घर संपवणारा स्टॅन्सफील्ड (गॅरी ओल्डमन) हा अमली पदार्थविरोधी खात्याचाच अधिकारी आहे. तक्रार करायची तिथेच खुनी बसलेला, म्हणून एका मारेकऱ्याचं दार उरतं.

माथिल्डा लिऑनला सांगते की तिचं त्याच्यावर प्रेम आहे. मला ते खरं वाटतं. पहिल्यांदा कुणी जिवाला आसरा दिला की मूल त्याला सर्वस्व मानतं आणि मोठ्यांकडून ऐकलेले शब्द त्या भावनेला चिकटवतं. लिऑन नकार देतो, तेही योग्यच. माझं भांडण कॅमेऱ्याशी आहे. तो कधीकधी तिच्याकडे मूल म्हणून बघत नाही. अमेरिकेत कापलेली वीस-पंचवीस मिनिटं पुढे लांब आवृत्तीत परत आली, तिच्यात हे फारच खुपतं. निवड झाली तेव्हा माथिल्डाचं काम करणारी नॅटली पोर्टमन अकरा वर्षांची होती. २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या महिला मोर्चात तिने सांगितलं की चित्रपट आला तेव्हा ती तेरा वर्षांची होती, मोठ्या उत्साहाने तिने चाहत्याचं पहिलं पत्र उघडलं, तर त्यात एका पुरुषाने तिच्यावर बलात्कार करण्याची कल्पना रंगवली होती. एवढा जीव ओतून मुलीला वाचवण्याची गोष्ट सांगणाऱ्यांनी आधी त्या खऱ्या मुलीला जपायला हवं होतं. चित्रपट मला प्रिय आहे, तरीही हे म्हणणं मी सोडणार नाही.

हिंदीत २००० साली याच गोष्टीवरून ‘बिच्छू’ आला. मारेकरी बॉबी देओल, आणि मुलीच्या जागी राणी मुखर्जी, म्हणजे तरुण नायिका. गाणी आली, प्रेम आलं, मूल तेवढं गेलं! त्यापेक्षा आपल्या निशिकांत कामतचा ‘रॉकी हँडसम’ (२०१६) मला जवळचा वाटतो. कोरियन चित्रपटावरून घेतलेली, गोव्यात घडणारी गोष्ट. मारामारी नको इतकी आहे, नायकही सुपारी घेणारा नाही, पण माणूस एकटा आहे आणि शेजारची मुलगी शेवटपर्यंत मूलच राहते. खलनायक कामतने स्वतः केलाय.

‘लिऑन’च्या शेवटाबद्दल मात्र फार कमी लोक बोलतात. लिऑन गेल्यावर माथिल्डा टोनीकडे काम मागते. तो थोडे पैसे हातावर ठेवून तिला शाळेत जायला सांगतो. मग ती न्यू जर्सीतल्या आपल्या जुन्या निवासी शाळेत जाते आणि मुख्याध्यापिकेला आधी खोटं सांगते, आईवडील अपघातात गेले म्हणून. बाई म्हणतात, खरं काय ते सांग. तेव्हा ती सगळं सांगून टाकते: घरचे कसे मेले, आपल्याला कुणी सांभाळलं, तो काय काम करायचा, आणि आज सकाळी तोही गेला. बाई तिला ठेवून घेतात.

मुख्याध्यापिकेचं काम जेमतेम काही मिनिटांचं. पण दार उघडल्यानंतरचं सगळं काम त्यांच्याच वाट्याला आलंय. रात्री ही मुलगी झोपेल का, वर्गात कुणी मोठ्याने बाक सरकवला तर काय होईल, घरच्यांबद्दल मैत्रिणींनी विचारलं तर ती काय सांगेल. त्या बाईंची आणि माथिल्डाची पुढची चार वर्षं दाखवणारा चित्रपट कुणी केला, तर पहिल्या दिवशीचं पहिलं तिकीट मी काढीन.