माकडटोपी घरीच, जॅकेट अंगावर

दिवाळीनंतरचा रविवार, वाघूर धरणाचा फुगवटा

यंदा पन्नाशी गाठली आणि कोकणात समुद्रावर गळ टाकायला जायचं ठरवलं. घरच्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं की काय देऊ, म्हणून मी यादी लिहून फ्रिजला चिकटवली. त्यात रॉड आणि रीळ मुद्दाम घातले नव्हते. गळ टाकणाऱ्याला (आमच्याकडे गळाला ‘गय’ म्हणतात) दुसऱ्याने निवडलेलं रीळ कधीच आवडत नाही. ते माळ्यावर जातं आणि देणारा दरवर्षी त्याची चौकशी करत राहतो.

यादीत पहिलं होतं लाइफ जॅकेट. मेहुण्याने फोमचं आणलं. आज मच्छीमार सोसायटीवाल्यांना विचारून वाघूरच्या काठाला, गळाभर पाण्यात उतरलो. कमरेला दोर बांधला आणि त्याचं टोक वर दोघांच्या हातात दिलं. पाय सोडले आणि जॅकेट थेट कानापर्यंत वर आलं. मी त्यात लटकलो, हनुवटी पट्ट्यावर. काठावरून आवाज आला, “काय भो, समिंदरमा मासा धराले चालना का?”

दोष जॅकेटचा नव्हता. मांड्यांमधून जाणारा पट्टा त्यात नव्हता आणि दुकानदाराने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. नवार आणि दोन बकल घेऊन चांभाराकडून 60 रुपयांत पट्टा शिवून घेतला. दुसऱ्या खेपेला जॅकेट जागचं हललं नाही. भेट देणाऱ्यांनी लेबलावरचा न्यूटनचा आकडा वाचावा. 10 न्यूटन म्हणजे ढोबळमानाने किलोभर उचल. 50 वालं जॅकेट पोहता येणाऱ्याला मदत करतं, इतकंच. 150 वालं बेशुद्ध माणसाला उताणं करून तोंड पाण्याबाहेर ठेवण्यासाठी बनवलेलं असतं. माझं 100 चं आहे. सिलिंडरने फुगणारं 150 चं पुढच्या वर्षी घेईन, कारण फोमचं अंगात घालून रॉड फेकताना काखेत घासतं.

मार्गशीर्ष, घरी

परदेशी मासेमारांच्या हिवाळी याद्या वाचून मीही एकदा फसलो होतो. जाड तरंगता सूट, आतून लोकरी अस्तर, हातमोजे. त्यांचं पाणी इतकं गार असतं की पडल्या पडल्या श्वास अडकतो. आपला अरबी समुद्र जानेवारीतही कोमटच असतो. थंडी आहे ती इकडे. धुळ्याला पारा पाच-सहा अंशांवर उतरतो आणि पहाटे हतनूर धरणाच्या काठावर बोटांना गाठ मारता येत नाही. म्हणजे माकडटोपी आणि कानपट्टी धरणासाठी. कोकणातल्या खडकावर माणूस गारठत नाही, घसरतो. एवढं लक्षात आलं आणि यादीतल्या निम्म्या वस्तू खोडल्या.

बुटांवर मात्र वाद झाला. आमचा एक गडी केळीच्या बागेत वापरतो ते गमबूट घेऊन निघाला होता. बुटात पाणी भरलं की माणूस तळाला जातो, असं सगळे म्हणतात. ते खरं नाही, पाण्यात पाण्याला वजन नसतं. पण पाय मारता येत नाहीत आणि भरलेला बूट घेऊन खडकावर चढता येत नाही, तेव्हा निकाल तोच. मी काटेरी तळाचे बूट घेतले. शेवाळावर ते छान धरतात, कोरड्या उघड्या काळ्या पाषाणावर मात्र खडू फळ्यावर ओढावा तसे करकरत घसरतात. चपला घालून कोणी येऊ नये. खडकाला चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात.

तारखेचं म्हणाल तर दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो, समुद्रावर नाही. पौर्णिमेला उधाण. त्यानंतरची अष्टमी धरली, भांगाची भरती. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. जुना हिशेब असा की तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. तासभर इकडेतिकडे होतं, म्हणून तिथल्या बंदरावर विचारून घ्यायचंच. पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर एवढं मोफत मिळतं.

कृष्ण अष्टमी, हर्णै

सुवर्णदुर्ग समोर, सकाळचा मतलई वारा पाठीवर. जमिनीकडून वाहतो, त्यामुळे फेक लांब जाते. खडकावर पाय ठेवण्याआधी वीस मिनिटं नुसतं बघत बसलो. लाट येत नसलेला पण ओला दिसणारा खडक सगळ्यात खोटा. तिथे मघाशी एक मोठी येऊन गेलेली असते.

सूर्य वर आल्यावर गड्याच्या गळाला शिंगाळा हा काटेवाला मासा लागला. काढताना काटा अंगठ्याच्या मुळाशी घुसला. तापीतल्या शिंगाळ्याचा काटाही आम्ही खाल्लाय, पण ही कळ खांद्यापर्यंत गेली आणि माणूस घामाघूम. थर्मासमधलं चहासाठी आणलेलं गरम पाणी डब्यात ओतलं, गार पाणी मिसळलं, दुसऱ्या चांगल्या हाताचं कोपर बुडवून सोसतंय ना ते पाहिलं आणि मग दुखरा हात आत. काट्यातलं हे विष उष्णतेने मोडतं; 45 अंशांपर्यंतचं पाणी, त्याहून जास्त नको, नाहीतर बधिर हात भाजतो आणि कळतही नाही. जवळपास तासभर पाणी बदलत राहिलो. कळ ओसरली. मग दवाखाना, धनुर्वाताचं इंजेक्शन. चहा गेला, भरीत आणि कळण्याची भाकरी तेवढी राहिली. डाव्या हाताने त्याने तीन भाकऱ्या खाल्ल्या, तेव्हा मला धीर आला. यादीत आता दोन थर्मास आहेत, एकावर तेलरंगाने ‘हात’ लिहिलंय.

संध्याकाळी हेडलॅम्पची परीक्षा झाली. कृष्ण अष्टमीला चंद्र मध्यरात्री उगवतो, त्यामुळे साडेसहानंतर गुडूप. मुलीने साठवलेल्या पैशांतून दिलेला दिवा आहे, लाल उजेडाचा. लाल उजेडात गाठ मारून मान वर केली तरी लाट दिसते. पांढऱ्या उजेडानंतर चार-पाच मिनिटं आंधळा. खोक्यावर आयपी 67 लिहिलंय, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरायला हवा. मी बादलीत बुडवून पाहिलाय, मुलीच्या नकळत.

सगळ्यात स्वस्त भेट आम्हीच केली. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, त्याला वीस मीटर दोर, पाण्यात पडलेल्याकडे फेकायला. कॅनमध्ये थोडं पाणी ठेवायचं, नाहीतर वाऱ्याला फेकला जात नाही. दोर पिवळा, तरंगणारा प्लास्टिकचा घ्या, नायलॉनचा बुडतो. दुकानात दोन्हींना नायलॉनच म्हणतात, म्हणून तुकडा बादलीत टाकून बघा. शिट्टी जॅकेटला बांधलेली. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पाकिटात, त्यात तटरक्षक दलाचा 1554 आणि आपत्कालीन मदतीचा 112 आधीच भरलेले.

मासे? तांबोशी एक, वीतभर, परत सोडली.

पौष, घरी

राहिलंय ते असं: गोड्या पाण्याने धुऊनही पक्कड गंजली, ती स्टेनलेसची हवी. हतनूरच्या काठावर पंपांच्या वीजतारा खाली लोंबतात आणि कार्बनच्या रॉडमधून वीज जाते, म्हणून तिथे रॉड उभा धरून चालणाऱ्याला मी आता ओरडतो. गड्याचा अंगठा वाकतो, पण सकाळी थंडीत ठणकतो. माकडटोपी त्याला देऊन टाकली. फ्रिजवर नवी चिठ्ठी लागली आहे, वरती ‘पक्कड’, खाली बायकोच्या अक्षरात ‘आणि यंदा मासा’.