खान्देशी ऋतुकोश आणि बक्षिसाचे हायकू: चौथी नोंद

या नोंदीत आमच्या हायकू गटाचं कार्तिक ते फाल्गुन एवढ्या काळातलं काम आहे. हायकू म्हणजे मूळची जपानी, तीन ओळींची कविता; ऋतुकोश म्हणजे ऋतू दाखवणाऱ्या शब्दांचा कोश. दोन गोष्टी बरोबरीनं चालल्या: पारितोषिक मिळालेले समकालीन हायकू एकेक सुटा करून वाचणं, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांचा ऋतुकोश वाढवणं. आधी ही दोन वेगळी कामं वाटायची, आता एकच वाटतात. कारण बक्षीस मिळालेल्या हायकूंत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: कवी भावनेचं नाव घेत नाही, ऋतूतली एक वस्तू समोर ठेवतो आणि बाजूला होतो. ती वस्तू त्याच्या दारातली असते. आपल्या दारात काय काय आहे हे आधी लिहून काढल्याशिवाय खान्देशात बसून हायकू लिहिण्यात अर्थ नाही.

वाचनाची पद्धत

पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर एक हायकू. वर कवीचं नाव, पुरस्कार, वर्ष. खाली चार खुणा: काप (दोन प्रतिमांमधली तोड) कुठे पडतो, प्रतिमा किती, क्रियापदं किती, विशेषणं किती. मग तिसरी ओळ कागदानं झाकायची आणि काय येईल ते पेन्सिलीनं लिहायचं. आपला अंदाज बरोबर निघाला तर एक तर हायकू कच्चा आहे, नाही तर तो आपल्याला आधीच पाठ आहे. चांगल्या हायकूत अंदाज चुकतो, पण खरी ओळ वाचल्यावर दुसरं काही येऊच शकत नव्हतं असं वाटतं.

हे कार्ड भरायला घ्यावा असा एक जुना नमुना. १९६४ साली जपान एअर लाइन्सनं अमेरिकेत हायकूची स्पर्धा घेतली, तिला सुमारे ४१,००० हायकू आले. परीक्षक ॲलन वॉट्स, पहिलं बक्षीस जे. डब्ल्यू. हॅकेट यांना. त्यांच्या हायकूत कडाक्याची सकाळ आहे आणि दाटीवाटीनं बसलेल्या चिमण्या आहेत. त्या चिमण्यांना मानाच नाहीत! बस एवढंच. चिमण्या गारठल्या, कुडकुडल्या, बिचाऱ्या आहेत, यातलं काही नाही. पिसं फुगवून मान आत ओढलेली चिमणी पाहणाऱ्याला जशी दिसते तशी ती ओळीत उतरली आहे. पौषात विजेच्या तारेवर बसलेल्या चिमण्या कोणत्याही सकाळी पाहा, शब्द न शब्द पटतो. आमच्या मते नवशिक्यानं पहिलं कार्ड याच हायकूचं करावं.

परीक्षकांची टिपणं जिथे छापली जातात ते पुरस्कार अभ्यासाला जास्त उपयोगी. हायकू सोसायटी ऑफ अमेरिका ही संस्था १९६८ची. तिचा हॅरॉल्ड हेंडरसन पुरस्कार १९७६ पासून चालू आहे आणि निकालाबरोबर परीक्षकांचं म्हणणंही वाचायला मिळतं. द हायकू फाउंडेशनचे टचस्टोन पुरस्कार त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या हायकूंना असतात, तर हेंडरसनला अप्रकाशितच लागतो. हा फरक पाठवताना विसरू नये. जपानमध्ये मात्सुयामा हे मासाओका शिकी (१८६७–१९०२) यांचं जन्मगाव. ‘हायकू’ हे नाव रूढ केलं ते याच शिकींनी. त्यांच्या नावाचा आंतरराष्ट्रीय हायकू पुरस्कार २००० साली सुरू झाला. पहिला सर्वोच्च मान फ्रेंच कवी इव्ह बॉन्फ्वा यांना, २००४ साली गॅरी स्नायडर यांना. मधल्या २००२ च्या यादीत दोन नावं आहेत ती आम्ही कार्डांच्या पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली आहेत: कॉर व्हान डेन ह्यूवेल आणि आपले सत्यभूषण वर्मा. वर्मांनी हिंदीत हायकू रुजवण्यासाठी आयुष्य घातलं. व्हान डेन ह्यूवेल यांनी तर पानाच्या मधोमध एकच शब्द ठेवून हायकू केला: टुंड्रा. भोवतीचा कोरा कागद म्हणजेच बर्फाळ मैदान. अक्षरं मोजत बसणाऱ्यानं त्या पानाकडे थोडा वेळ बघावं.

पुण्याच्या कला रमेश यांचं काम इंग्रजीतलं आहे, पण ‘त्रिवेणी हायकाई इंडिया’तून त्यांनी भारतभरच्या लिहिणाऱ्यांना एकत्र आणलं. पाऊस, घाट, रांगोळी हे परक्या भाषेत टीप न देता कसं उभं राहतं हे त्यांच्याकडून शिकावं.

मोजणीचा प्रश्न: एकदाचा निकालात

स्पर्धांमध्ये ५-७-५ अक्षरं मागतात म्हणून सगळे बोटं मोडत बसतात. थोडं खोलात जाऊ या. जपानीत मोजतात ते ‘ओन’, म्हणजे उच्चाराचं एकेक माप. दीर्घ स्वराचे दोन ओन, नाकातल्या ‘न’चा एक. जपानी उच्चारानं टोक्योचे ओन चार होतात. आपल्याकडे टोक्यो म्हणजे अक्षरं दोन, पण मात्रा चार. म्हणजे ओनचं नातं अक्षराशी नाही, मात्रेशी आहे. तंतोतंत नाही, कारण जपानीत ऱ्हस्व ‘ओ’ असतो आणि आपला ‘ओ’ कायम गुरू, म्हणजे दोन मात्रांचा.

मग १७ मात्रांत लिहावं का? करून पाहिलं, जमत नाही. हा हायकू घ्या:

घड कापला—
केळीच्या खोडातून
अजून पाणी

अक्षरं बरोबर ५-७-५. मात्रा मोजल्या तर ७, १३, ८, एकूण २८. सतरा मात्रांत बसवायचं तर ‘खोड’ तरी जाईल नाही तर ‘पाणी’, आणि मग उरतं काय? विभक्तीचे प्रत्यय आणि दीर्घ स्वर यांनी मराठी शब्द जड होतो. आम्ही ठरवलं ते असं: अक्षरं साधारण १६ ते २०, शब्द आठाच्या आत, मधली ओळ बाकी दोन्हींपेक्षा छोटी नको. ५-७-५ आपसूक पडलं तर आनंद. पाडण्यासाठी ‘तो’, ‘ती’, ‘असे’, ‘उरे’ घुसवावे लागले तर मोजणी सोडा, हायकू ठेवा. स्पर्धेच्या नियमात अक्षरसंख्या असेल तर मात्र नियम पाळा किंवा पाठवूच नका. जोडाक्षर एकच धरायचं, पायमोडकं अक्षर धरायचं नाही.

शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी मराठीत हायकू आणला तेव्हा १७ चा हट्ट धरला नव्हता. तीन ओळी, त्यातल्या दोन ओळींत यमक, आणि एक क्षण. यमकाचं मराठी कानाला फार सुख असतं, ते टाकून देऊ नये. पण आला-गेला, झाली-आली असं क्रियापदाला क्रियापद जोडलेलं यमक हायकूला पद्याची चाल लावतं आणि क्षण हातचा जातो.

कच्चं ते पक्कं

पहिला मसुदा, गटाच्या वहीतून:

कापूस फुले
जणू चांदणे रानी
मन आनंदी

मोजणी बिनचूक, हायकू शून्य. ‘जणू’ आला की कवी वस्तूवरून नजर काढून दुसरीकडे बघायला लागतो. ‘आनंदी’ हा वाचकाच्या वाट्याचा शब्द, तो कवीनं आधीच खर्चून टाकला. शिवाय कापूस फुटलाय म्हणजे नेमका कधी? दसऱ्याचा पहिला कापूस वेगळा, संक्रांतीच्या सुमाराचा शेवटचा वेगळा.

मग वेचणीकडे बारकाईनं पाहिलं. कमरेला बांधलेली ओटी (वेचलेला कापूस भरायची झोळी), बांधावर लावलेला काटा, किलोवर ठरलेली मजुरी. तिसऱ्या खेपेला हे हाती आलं:

शेवटची वेचणी
तोलून झाली ओटी—
केसांत कापूस

अक्षरं ७-७-६. काप दुसऱ्या ओळीनंतर. केसांतला कापूस काट्यावर चढत नाही, त्याचे पैसे मिळत नाहीत, आणि तो कापूस आहे की पिकलेले केस हेही वाचकावर सोडलं आहे. ‘तिच्या केसांत’ करून पाहिलं, पण ‘तिच्या’नं बाई एकदम लांब गेली. शब्द काढला. ‘शेवटची’ जड वाटतो म्हणून ‘सरती’ही घालून पाहिला, तो कवितेतला शब्द, बांधावरचा नाही. ‘शेवटची’च राहिला.

दुसरी दुरुस्ती नंदुरबारची. मिरच्या वाळत घालण्याच्या मोकळ्या जागेला तिथे पथारी म्हणतात. पहिल्या मसुद्यात लाल पथारी आणि मावळता लाल सूर्य होता. दोन प्रतिमा वाटतात, पण आहे एकच, दोनदा सांगितलेली. जपानीत या दोषाला नाव आहे, ‘त्सुकीसुगी’, म्हणजे फार चिकटलेलं. त्याच्या उलट, पथारी आणि समुद्र असं जोडलं तर दुवाच लागत नाही. शेवटी पथारीचं खरं भय काय हे आठवलं. अवकाळी.

मिरचीची पथारी—
एका टोकाला आली
ढगाची सावली

इथे आली-सावली हे यमक आपसूक आलं, एक क्रियापद आणि एक नाम, म्हणून टोचत नाही. पाऊस हा शब्द कुठेच नाही. तो घालायचा मोह तीनदा आवरला.

ऋतुकोश

जपानी ऋतुकोशाची मांडणी वसंत, ग्रीष्म, शरद, हेमंत आणि नववर्ष अशी पाच भागांत असते, आणि प्रत्येक भागात काळ, आकाश, भूमी, माणसांचं जगणं, सण, प्राणी, वनस्पती असे कप्पे. कप्पे जसेच्या तसे घेतले, भाग घेता येत नाहीत. आपल्याकडे पाऊस एक नाही. धूळपेरणी करून मृगाकडे लागलेले डोळे, आर्द्रातलं ढगाळ, हस्ताचा गडगडाट, यांना एका ‘पावसाळा’ या शब्दात कोंबलं तर कोश करून काय मिळवलं? म्हणून पाऊस नक्षत्रांनी मांडला आणि बाकी वर्ष पंधरवड्यांनी.

प्रत्येक नोंदीला पाच रकाने: शब्द, पंधरवडा, तालुका, कप्पा, आणि तो शब्द बोलण्यात वापरणारी किमान तीन माणसं. पाचवा रकाना रिकामा राहिला तर नोंद कच्ची. पुस्तकातून उचललेले शब्द इथेच गळतात. वर्षभर दिसणाऱ्या गोष्टीला ऋतुशब्द मानायचं नाही हा दुसरा नियम, आणि त्यानं बरीच भांडणं लावली. केळीचा घड बाद झाला, कारण आपल्याकडे घड बाराही महिने कुठे ना कुठे कापला जातोच. म्हणजे वरचा खोडाचा हायकू ऋतुशब्दाविना आहे, आणि तसाच राहू दिला. पण ‘मृगबाग’ आणि ‘कांदेबाग’ हे लागवडीचे शब्द पक्के: पहिला पावसाच्या तोंडावरचा, दुसरा दिवाळीच्या आगेमागेचा. कांदेबाग म्हणजे केळीचीच बाग, हे कोशात स्पष्ट लिहिलं आहे, नाही तर बाहेरचा वाचक कांदे शोधत बसेल.

या खेपेला पक्के झालेले शब्द: जळगावच्या मेहरूणची बोरं, दादर ज्वारीचा हुरडा, भरिताची वांगी (मार्गशीर्ष-पौष, इतर वेळी धरायची नाहीत), मिरचीची पथारी, सातपुड्यातला फुललेला पळस. सणांच्या कप्प्यात श्रावणातली कानबाई आणि तिचे रोट, भाद्रपद पौर्णिमेपासून महिनाभर चालणारी भुलाबाई, आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीखाली एकट्या चार उपनोंदी झाल्या: घागर, डांगर (खरबूज), सांजोऱ्या, झोका. व्हँकूव्हरच्या चेरीमहोत्सवात दरवर्षी फक्त चेरीच्या बहरावर हायकू मागवतात. एका फुलावर वर्षानुवर्षं लिहूनही ते आटत नाही, तर निंबाच्या मोहोरावर आपण एक चैत्र लिहायला काय हरकत आहे?

बालकवींचा जन्म धरणगावचा, बहिणाबाईंचा आसोद्याचा. निसर्ग बारकाईनं पाहण्याचा वारसा घरातच आहे. पण बहिणाबाईंची ओवी वस्तू दाखवून तिचा अर्थ सांगते, आणि तो सांगण्यातच तिची गोडी आहे. हायकूला तो शेवटचा अर्थ सांगायची मुभा नाही. आपल्या भागात लिहिणाऱ्याचा पाय घसरतो तो बहुधा इथेच: तिसऱ्या ओळीत ओवीचा अर्थ येऊन बसतो. तिसरी ओळ झाकून पहिल्या दोन मोठ्यानं वाचा. हायकू तिथेच पुरा होत असेल तर तिसरीत वस्तू नाही, अर्थ आहे. काढा.

पाठवताना

बऱ्याच स्पर्धा समाजमाध्यमावर टाकलेला हायकूही प्रकाशित धरतात. व्हॉट्सॲप स्टेटसला लावण्याआधी दहा वेळा विचार करा. जपानच्या इतो एन चहा कंपनीची १९८९ पासूनची स्पर्धा ऋतुशब्दाचा आग्रह धरत नाही आणि निवडलेले हायकू हिरव्या चहाच्या बाटल्यांवर छापते. पहिल्यांदा पाठवणाऱ्याला ती सोपी. अनुवाद करून पाठवायचं असेल तर तळटीप लागणारे शब्द आधी वगळा. ‘ओटी’ला टीप लागते, म्हणून वेचणीचा हायकू मराठीपुरताच ठेवला. खोड आणि पाणी यांना टीप लागत नाही, तो बाहेर जाईल.

चैत्राचं काम: निंबाच्या मोहोरावर प्रत्येकी पाच मसुदे, त्यात ‘सुगंध’ शब्द वापरायचा नाही. वैशाखात आखाजीच्या चार उपनोंदींचे तालुके तपासायचे. ‘डांगर’ शब्द कुठल्या गावांपर्यंत चालतो आणि कुठून पुढे खरबूज म्हणतात, याची रेघ अजून नकाशावर काढायची आहे.