दहावी खूण

२५ जानेवारी २००६, पॅलेस्टिनी विधिमंडळाच्या मतदानाचा दिवस. संध्याकाळचे सात वाजले आणि केंद्राध्यक्ष बाईंनी वर्गाचं दार आतून लावून घेतलं. वेस्ट बँक या पॅलेस्टिनी प्रदेशातल्या हेब्रॉन शहरातली, म्हणजे तिथले लोक अल खलील म्हणतात त्या शहरातली, ती एक शाळा होती. डोंगरावरचं गाव, हाडात शिरणारी थंडी. कोपऱ्यात गॅसची शेगडी पेटलेली आणि तिच्यावर मरमिया घातलेल्या चहाची किटली. मरमिया म्हणजे तिकडची एक सुगंधी पानं. बाई त्याच शाळेत गणित शिकवायच्या.

माझी नोकरी सहकारातल्या निवडणुका घेण्यात गेली. साखर कारखाने, बाजार समित्या, बँका. कागदी मतपत्रिका उलगडून मोजण्यात किती रात्री गेल्या याचा हिशेब नाही. त्याच अनुभवावर मला एका आंतरराष्ट्रीय निरीक्षक पथकात घेतलं होतं. निरीक्षकानं फक्त बघायचं आणि लिहायचं, मध्ये बोलायचं नाही.

तिथल्या मतदाराला दोन मतपत्रिका होत्या. विधिमंडळाच्या १३२ जागांपैकी ६६ जागा देशभराच्या यादीतून. त्या पत्रिकेवर ११ याद्या आणि मतदारानं एकच निवडायची. उरलेल्या ६६ जागा जिल्ह्यांतून. हेब्रॉन जिल्ह्याला सगळ्यात जास्त, ९ जागा. म्हणून दुसरी पत्रिका हातभर लांब, आणि तिच्यावर प्रत्येकानं जास्तीत जास्त नऊ नावांसमोर खूण करायची. कमी केल्या तर चालेल, दहावी झाली की मत बाद.

मोजणी सुरू झाली. बाई एकेक पत्रिका उचलत, समोर धरत, नावं मोठ्यानं वाचत. भिंतीला टेकून बसलेले पक्षांचे प्रतिनिधी आपापल्या वहीत रेघा ओढत. अर्धा तास झाला असेल, एक पत्रिका आली आणि बाई थांबल्या. हमास या इस्लामी पक्षाचे नऊच्या नऊ उमेदवार, आणि शिवाय एका अपक्षासमोर खूण. हमासचा प्रतिनिधी उठला. मतदाराला काय म्हणायचंय ते उघड आहे, नऊ धरा, असं त्याचं म्हणणं. तोवर सत्तेत असलेल्या फतह पक्षाचा प्रतिनिधी म्हणाला, बाद. माझा दुभाषी कानात भराभर सांगत होता. बाईंनी आवाज चढवला नाही. पेन्सिलीचं टोक एकेका खुणेवर ठेवत त्या वरून खाली मोजत गेल्या, मग खालून वर. "अश्रा," म्हणाल्या. दहा. आणि पत्रिका बाद मतांच्या गठ्ठ्यात ठेवली.

पुढे तासाभरात तशीच दुसरी आली, या वेळी फतहच्या नावांची. पुन्हा पेन्सिलीचं टोक, पुन्हा वरून खाली आणि खालून वर. पुन्हा "अश्रा". फतहचा प्रतिनिधी काहीच बोलला नाही, वहीकडे बघत राहिला. मी तीस वर्षांत मोजणीची शेकडो टेबलं पाहिली असतील. इतकं स्वच्छ टेबल फार थोड्या वेळा पाहिलं.

रात्री नऊच्या सुमारास दुभाष्याचा फोन वाजला. मतदानोत्तर चाचण्यांत फतह पुढे आहे, असं त्यानं सांगितलं. मला ते पटेना. समोरच्या पत्रिका दुसरंच सांगत होत्या. आपल्याकडे कारखान्याच्या निवडणुकीत ज्याला 'पॅनल टू पॅनल' म्हणतात, तसं हमासचं मतदान होतं: नऊ जागा, नऊ उमेदवार, नऊ खुणा. फतहची मतं मात्र फुटलेली. उमेदवारी न मिळालेले त्यांचेच लोक अपक्ष उभे होते आणि खुणा त्यांच्याकडे सांडत होत्या. पुढे हिशेब लागला तेव्हा यादीच्या मतांत हमासला सुमारे ४४ टक्के आणि फतहला ४१. जागा २९ आणि २८, म्हणजे जवळजवळ बरोबरी. जिल्ह्यांत मात्र ४५ आणि १७. हेब्रॉनच्या नऊही जागा हमासला. एकूण ७४ विरुद्ध ४५. लोकांचा कौल आणि मोजण्याची पद्धत, दोन्ही मिळून तो निकाल झाला, हे तेव्हाच्या बातम्यांत फारसं आलं नाही याची मला आजही चुटपुट आहे.

मध्यरात्रीनंतर गोषवारा भरला, सगळ्यांनी सह्या केल्या. बाईंनी किटलीतला उरलेला चहा सगळ्यांना वाटला, दोन्ही पक्षांच्या पोरांनाही.

सकाळी याच शहराचा दुसरा भाग पाहिला होता. १९९७च्या करारानं हेब्रॉनचे दोन तुकडे झाले. साधारण ८० टक्के पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे, म्हणजे पॅलेस्टिनींच्या मर्यादित स्वशासनाकडे, उरलेल्या भागात इस्रायली सैन्य. त्या भागातला पॅलेस्टिनी मतदार नाक्यावर सैनिकाला ओळखपत्र दाखवून मत द्यायला निघतो. पूर्व जेरुसलेममध्ये तर इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेत्यांमधल्या १९९५च्या ओस्लो करारानुसार मतदान होतं इस्रायली टपाल कार्यालयांत, मत जणू टपालानं पाठवल्यासारखं. मुळात हे प्राधिकरण १९९४ साली उभं राहिलं तेच पाच वर्षांची तात्पुरती सोय म्हणून. त्या पाच वर्षांत सीमा, जेरुसलेम, निर्वासित यांचा निकाल लागायचा होता. तो लागला नाही. तात्पुरती सोय तशीच राहिली, वेस्ट बँकचा सुमारे ६० टक्के भाग इस्रायलच्या पूर्ण ताब्यात राहिला, आणि आयातीवरचा करही इस्रायलच गोळा करून प्राधिकरणाला देत राहिला.

त्या कराचं महत्त्व मला पुढच्या काही महिन्यांत कळलं. हमासचं सरकार मार्चअखेर आलं. हमासला दहशतवादी संघटना मानणाऱ्या इस्रायलनं कराचे पैसे रोखले, तसंच मानणाऱ्या अमेरिका आणि युरोपनं थेट मदत थांबवली. सुमारे दीड लाख कर्मचाऱ्यांचे पगार अडकले आणि सप्टेंबरात शिक्षक संपावर गेले. त्या दिवसांत दुभाष्याचा ईमेल आला. बाईंना महिनोन्‌महिने पूर्ण पगार मिळाला नव्हता, किराणा उधारीवर चालू होता. त्यांनी मला एकच विचारायला सांगितलं होतं: साहेब, आमच्या मोजणीत काही चूक झाली होती का?

मी त्याच रात्री उत्तर लिहिलं. एकही चूक नव्हती, मी समोर बसून पाहिलंय, माझ्या अहवालातही तसंच आहे. दहाव्या खुणेचे दोन्ही प्रसंग त्यात नोंदवलेत, हेही लिहिलं. त्यापुढं काय लिहावं ते सुचेना. पैसे पाठवायचं मनात आलं, पण त्यांच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं.

त्यानंतर तिथे विधिमंडळाची निवडणूक झालेली नाही. २०२१मध्ये २२ मे ही तारीख ठरली, तेव्हा दुभाष्याचा निरोप आला की बाईंनी केंद्राध्यक्ष म्हणून पुन्हा अर्ज केलाय. एप्रिलच्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष महमूद अब्बास यांनी निवडणूक पुढे ढकलली. कारण सांगितलं ते पूर्व जेरुसलेमातल्या मतदानाचं. इस्रायलकडून त्या मतदानाची हमी मिळाली नव्हती.