प्रदक्षिणेचं निमित्त

कोकणात बाग बघायला कुणी जात नाही. बागेत जायचं ते काहीतरी करायला. शिपणं करायला, आळी साफ करायला, पडलेली झावळं ओढून आणायला, माडावर चढणारा गडी आला की खाली उभं राहून नारळ मोजून घ्यायला. हातात कोयता नाही, टोपली नाही आणि माणूस नुसताच पोफळींमधून रमतगमत चाललाय असं दिसलं, की बांधापलीकडून हाक येते, ‘काय रे, काय शोधतस?’ काही नाही, सहज फिरतोय, असं उत्तर दिलं तर संध्याकाळपर्यंत वाडीत बातमी होते की अमक्याच्या मुलाचं काहीतरी बिनसलंय.

या चौकशीतून सुटका देणारी जागा एकच, देऊळ. देवळाभोवती फिरणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. प्रदक्षिणा म्हटली की पावलं सावकाश पडली तरी चालतात, मान वर करून झाडं न्याहाळली तर कळस बघतोय असं वाटतं, आणि मागच्या बाजूला बकुळीखाली जरा जास्त वेळ थांबलं तर भाविक आहे हो, म्हणून कौतुकही होतं. माझी बरीचशी भक्ती अशी झाडांच्या वाट्याला गेलेली आहे. देवाला ते माहीत असणार, आणि त्याने अजून तरी हरकत घेतलेली नाही.

यासाठी सगळ्यात चांगले दिवस शिमग्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंतचे. घाटावर वसंत आला हे आंधळ्यालाही कळतं, कारण तिथे आधी सगळं उघडंबोडकं झालेलं असतं. इथे मुळात हिरवं हिरवंच राहतं, त्यामुळे बदल शोधावा लागतो. कोशिंबाला पालवी फुटते ती थेट लालभडक. लांबून वाटतं झाड फुललंय, जवळ गेलं की कळतं ही पानं आहेत. आंब्याची कोवळी पानं तांबूस, मऊ आणि खाली लोंबणारी. देवचाफा तेवढा प्रामाणिक. पान टाकून मोकळा होतो आणि नुसत्या जाड फांद्यांच्या टोकांना फुलं धरून उभा राहतो. काजूचा वास, करवंदीच्या जाळीचा वास, तापलेल्या कातळाचा वास. हे सगळं कुठेही मिळतं म्हणा, पण देवळाच्या आवारात ते सावलीत उभं राहून घेता येतं.

यंदा आत्याने वेतोबाला केळ्यांचा घड बोलला होता. नवस कशासाठी ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वेंगुर्ल्याहून शिरोड्याच्या वाटेवरचं आरवली हे वेतोबाचं गाव. तिथून पुढे शिरोड्याची मिठागरं, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात गाजलेली. मला जायचं होतं ते सुरंगीसाठी. आत्याला हे बरोबर ठाऊक होतं. गाडीत बसतानाच म्हणाली, ‘तू देवाक येतस की फुलांक?’

सुरंगी ही कोकणाची खास मालमत्ता. आंबा जगभर गेला, काजू गेला, कोकम सरबताच्या बाटलीत बसून गेलं, पण सुरंगी अजून इथेच आहे. झाड मोठं, गडद हिरव्या पानांचं, एरवी लक्षही जाऊ नये असं. फेब्रुवारी उजाडला की त्याच्या जुन्या फांद्यांना, थेट लाकडाला, कळ्यांचे घोस चिकटून बसतात. फूल उमललं की पाकळ्या पांढुरक्या आणि मध्ये केशरी-पिवळ्या केसरांचा गुच्छ. पण उमलू द्यायचं नसतं, हीच तर सगळी कसरत. कळी उमलायच्या आत काढायची म्हणजे पहाटे, अंधार विरायच्या सुमाराला झाडावर असायला हवं. शिडी लावून, फांदीवर पाय रोवून, कळ्या एकेक करून खुडायच्या. ऊन चढलं, फूल उघडलं, मधमाश्या आल्या, की त्या फुलाची किंमत गेली. मग ते फक्त सुंदर उरतं.

खुडलेल्या कळ्यांचा एक भाग वळेसरांना जातो. दोऱ्यात दाटीने गुंफलेले हे गजरे सकाळी बाजारात येतात. उरलेली कळी वाळवून व्यापाऱ्याला देतात, ती पुढे अत्तरासाठी जाते. आसोली, आरवली, शिरोडा या पट्ट्यात दोन-तीन महिन्यांचं हे पीक कित्येक घरांच्या पावसाळी बेगमीला हातभार लावतं. कुणी याची लागवड अशी फारशी केलेली नाही. आजोबांच्या, पणजोबांच्या वेळची झाडं आहेत, आणि झाडाची वाटणी करताना भाऊबंदकी चालते ती वेगळी.

रस्त्याच्या कडेला एक बाई केळीच्या पानात वळेसर मांडून बसल्या होत्या. आत्याने दोन उचलले, एक देवीला, एक स्वतःला. भाव केला नाही. आत्याने भाव न करता घेतलेली मी पाहिलेली ही एकमेव वस्तू. मी म्हटलं, दुपारपर्यंत सुकतील ना? त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही, आत्याकडे पाहून म्हणाल्या, ‘फुला सुकतली, वास जावचो नाय.’ खरंच आहे. आईच्या लुगड्यांच्या ट्रंकेत सुकलेला, तपकिरी, बोट लावलं तर चुरा होणारा वळेसर असायचा आणि ट्रंक उघडली की खोलीभर वास यायचा.

वेतोबासमोर उभं राहिलं की आपण किती बुटके आहोत ते कळतं. मूर्ती उभी आणि चांगली माणसाच्या डोक्यावरून जाणारी. पायाशी चपलांचे जोड ठेवलेले, तेही त्याच मापाचे. देव रात्री गावाच्या सीमेवर राखण करत फिरतो, चालून चालून चपला झिजतात, म्हणून भक्तांनी नव्या द्यायच्या. इतका सरळ हिशेब मला दुसऱ्या कुठल्या देवाच्या दारात दिसलेला नाही. आता मूर्ती पंचधातूची आहे, १९९६ पासूनची. त्याआधी ती फणसाच्या लाकडाची असे. आणि देव फणसाचा म्हणून आरवलीत फणसाचं लाकूड घराला वापरत नाहीत. फणस खातात, गरे तळतात, आठळ्या भाजतात, पण झाडाला कुऱ्हाड लावत नाहीत. वनखात्याला जे कायदा करून जमत नाही ते देवाने मूर्तीचं लाकूड निवडून करून टाकलं. मूर्ती बदलली, नियम तसाच राहिला, हे मला त्याहून विशेष वाटतं.

याच गावात सातेरी आहे. सातेरी म्हणजे मूळची वारुळाची देवी. सिंधुदुर्गात आणि गोव्यात कितीतरी सातेरींच्या गाभाऱ्यात आजही वारूळ आहे. त्याला साडी नेसवतात, मुखवटा चढवतात, हार घालतात. म्हणजे आवारातली माती, वाळवीने उचललेली, आत जाऊन देवी झाली. भिंती नंतर आल्या.

या भिंतींबद्दल थोडं बोललं पाहिजे. कोकणातलं जुनं देऊळ बाहेरून येणाऱ्याला पहिल्यांदा थोडं निराश करतं. वेरूळसारखं शिल्प नाही, उंच गोपुर नाही. कौलारू उतरतं छप्पर, खाली ओढलेल्या पागोळ्या, बसका सभामंडप, पुढे दीपमाळ आणि तुळशीवृंदावन. शेजारच्या खोताच्या घरात आणि देवळात फरक काय, तर देवळाला घुमट असतो. पण हे ज्याने बांधलं त्याच्या डोक्यात पाऊस होता, आणि पावसापुढे शिल्पकाम फार टिकत नाही. दगड म्हणजे जांभा. घावनासारखा जाळीदार, लाल, खाणीतून काढताना इतका मऊ की कुऱ्हाडीने तासता येतो, आणि हवा लागली की वर्षागणिक टणक होत जाणारा. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने १८०७ मध्ये या दगडाची शास्त्रीय नोंद केली ती केरळात पाहून. आमच्या पाथरवटांना ते आधीपासून माहीत होतं, त्यांनी फक्त लिहून ठेवलं नाही. चिरे जोडायला चुना, आणि तो पुष्कळदा किनाऱ्यावरचे शिंपले भाजून केलेला. छपराला आधी नळीची कौलं. पुढे एकोणिसाव्या शतकात बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूरला यंत्रावर चपट्या कौलांचे कारखाने काढले आणि ती कौलं किनाऱ्या-किनाऱ्याने वर आली. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कल्पनेतली कौलं आमच्या ग्रामदेव रवळनाथाच्या डोक्यावर बसली, कुणाचंही काही बिघडलं नाही, आणि गळती थांबली याचा आनंद दोन्हीकडे झाला असावा.

अशा सभामंडपात दुपारी बारा वाजता टेकलं, की बाहेर चैत्राचं ऊन आहे हे फक्त डोळ्यांना कळतं, अंगाला नाही. आत्या कठड्यावर पाय पसरून बसते, पदराने वारा घेत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करते. तिची प्रदक्षिणा गुडघ्यांमुळे बंद आहे. माझ्या प्रदक्षिणा तिच्या खात्यावर जमा होतात असं तिचं मत आहे, त्यामुळे मी मागच्या बाजूला जास्त वेळ लावला तर ती मोजत बसते.

नव्या जीर्णोद्धारांची मात्र मला धास्ती वाटते. एका देवळात, नाव सांगत नाही, समितीत आमचेच भाऊबंद आहेत, कौलं काढून स्लॅब घातला. गळत होतं हे खरं, पण आता उन्हाळ्यात आत बसवत नाही म्हणून पंखे आले, मग इन्व्हर्टर आला. प्रदक्षिणेची वाट पेव्हर ब्लॉकची केली. सकाळी अकरानंतर त्यावर अनवाणी चालणारा भक्त शास्त्रोक्त प्रदक्षिणा न घालता उड्या मारत जातो. बकुळीची फुलं पडून ‘कचरा होतो’ म्हणून बकूळ छाटली. फुलांचा कचरा! शोभेच्या कुंड्या आल्या, लॉन आलं, लॉनला पाइप आला, ‘हिरवळीवर बसू नये’ अशी पाटीही आली. पैसे मुंबईच्या चाकरमान्यांनी दिले, मोठ्या श्रद्धेने दिले, म्हणून बोलायची सोय नाही. आत्या मात्र समितीच्या अध्यक्षांनाच म्हणाली होती, ‘देव गरम झालो तर शंकराक थंड करूक पाणी घालतत. आमकां कोण घालतलो?’

जिथे समितीचा हात अजून पोचलेला नाही ती जागा म्हणजे राई, देवाचं राखलेलं रान. देवळामागून सुरू होते आणि कुठे संपते ते आत जाऊन कुणी बघत नाही. तिथली वाळकी काटकीही घरी नेत नाहीत. झाड तोडायचंच झालं तर आधी देवाला कौल लावतात, आणि देवही बहुधा चांगलाच विचार करून नाही म्हणतो. या दिवसांत तिथे धनेश पक्ष्याची वीण चालू असते. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत जाऊन बसते, तोंड लिंपून घेते, नुसती फट ठेवते, आणि नर कित्येक आठवडे उंबरासारखी फळं आणून त्या फटीतून भरवतो. एवढी मोठी ढोली पडायला झाड फार म्हातारं व्हावं लागतं, आणि कोकणात म्हातारं होण्याची परवानगी मिळालेली झाडं बहुतेक देवाचीच आहेत. बाकीच्यांच्या फळ्या झाल्या किंवा कलमांसाठी जागा मोकळी झाली.

राईच्या कडेला एखादा सीतेचा अशोक भेटतो. त्याच्या केशरी गुच्छांखाली उभं राहून मी वर बघत होतो तेव्हा गुरवाचा मुलगा मागून येऊन म्हणाला, ‘काका, फोटो काढायचो तर हयसून नको, थयसून काढा, हय लाल मुंगळे आसत.’ त्याने हे जरा उशिरा सांगितलं.

पाणी, झाड आणि देऊळ हे तिन्ही एका नजरेत घ्यायचं असेल तर धामापूरला जावं. मालवण तालुक्यातलं हे तळं १५३० सालचं. विजयनगरच्या काळात गावकऱ्यांनी मातीचा बांध घालून अडवलेलं. काठावर भगवतीचं देऊळ, पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, भोवती डोंगर आणि रान. खालच्या बाजूला धामापूर आणि काळसे या गावांची बागायत याच पाण्यावर. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान दिला. आत्याला या आयोगाचं कौतुक नाही. तिच्यासाठी धामापूर म्हणजे दागिन्यांचं तळं. पूर्वी लग्न ठरलं की गरीब घरातली माणसं फुलांचे दागिने करून परडीत घालून तळ्यात सोडत, आणि परडी वर येई ती सोन्याच्या दागिन्यांनी भरून. लग्न झालं की परत करायचे. मग कुणीतरी ते घरीच ठेवले आणि देवीने दुकान बंद केलं. ‘कोणी ठेवल्यान ता माझ्या सासरच्यांका ठाऊक हा,’ असं ती पायऱ्यांवर बसून म्हणाली. खूप विचारलं, नाव सांगितलं नाही.

पाडव्याला आमच्या गावच्या देवळात पंचांगवाचन झालं आणि त्यानंतर देवाच्या माडांच्या नारळांचा लिलाव. देवाच्या आगरातलं उत्पन्न असं दरवर्षी उभं राहून बोलीवर विकलं जातं. त्यावर दिवाबत्ती आणि नैवेद्य चालतो. पहिला नारळ मानाचा. आत्याने बोली सुरू केली, पलीकडून तिच्या चुलतदिराने वाढवली. दोघांचं एका आंब्याच्या झाडावरून वीस वर्षं बोलणं नाही, पण बोली लावण्याला बोलणं म्हणत नाहीत. नारळ साडेपाचशेवर गेला. आत्याने पैसे मोजले, नारळ कपाळाला लावला, आणि लगेच कानाशी धरून हलवून पाहिला. मग माझ्याकडे देत, गुरवाला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली, ‘खवट निघालो तर परत आणून दितलंय.’