पंप नव्हे, अर्थिंग!

"पंप गेलाय, नवा टाका." आमच्या डंपरचा हौदा बॅटरीवरच्या मोटरने चालणाऱ्या तेलाच्या पंपावर उचलला जातो. तो रिकामा असला की रडतखडत वर जातो आणि माल भरला की वीतभर उचलून थांबतो, एवढं ऐकूनच वर्कशॉपवाल्याने निकाल देऊन टाकला. मीटर लावणं दूरच, पंपाच्या पेटीचं झाकणही उघडलं नाही. डंपर जुना दिसला की सगळे असंच करतात का कोण जाणे.

बॅटरी चार्ज केली, तेल पाहिलं. दोन्ही ठीक. तेल बघायचं ते हौदा पूर्ण खाली असताना. वर असताना बरंच तेल हौदा उचलणाऱ्या जॅकमध्ये असतं. तेव्हा टाकी भरलीत तर हौदा उतरवताना तेल बाहेर सांडणार.

अडलं ते करंटपाशी. बॅटरीवर 12.6 व्होल्ट, सोलेनॉइडच्या (बटण दाबलं की मोटरला करंट जोडणारा स्विच) आवक बोल्टवरही 12.6. बटण दाबलं की सोलेनॉइड टक् करून वाजतो. मग करंट पोचतोय, म्हणजे मोटर नाहीतर पंपच खराब, असा सगळ्यांचा हिशेब. पण जिथून करंट वाहतच नाही, तिथे कुजलेला जोडसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो! मोजायचं ते मोटरवर भार असताना. आमची पेटी केबिनच्या मागे, बाहेरून हात पोचेल अशी, म्हणून भरल्या हौद्यावरच मोजता आलं. हौद्याखाली हात घालावा लागत असेल तर आधी तो रिकामा करा आणि खाली पक्का टेकू लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही म्हणजे नाही.

एकाने बटण दाबलं, मी मीटर धरला. बॅटरीवर 11.4, मोटरवर फक्त 7.2. मधले 4.2 व्होल्ट कुठे गेले? सोलेनॉइडसकट पॉझिटिव्हच्या वाटेवर 0.4 गेले होते, ते चालतं. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी मोटरच्या बॉडीवर: 3.8! तिथे अर्धा व्होल्टसुद्धा जास्तच. निगेटिव्हपासून चेसीपर्यंत जेमतेम 0.1, म्हणजे दोष चेसी ते पंप या हातभर अर्थ केबलमध्ये, करंट परत नेणाऱ्या तारेत. वरून केबल धडधाकट दिसत होती. लगजवळचं (केबलच्या टोकाची बोल्टात बसणारी कडी) रबर कापलं तर आत तांब्याच्या तारांची हिरवी भुकटी.

मोटरच्या बॉडीपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत, पॉझिटिव्हइतकीच जाड नवी केबल टाकली. बोल्टखालचा रंग घासून पत्रा उघडा केला. भरलेला हौदा एका दमात वर गेला, आणि मला त्या वर्कशॉपवाल्याला तिथे उभं करून दाखवावंसं वाटलं.

तुमचा हौदा अडला तर बटण दाबून धरू नका, या मोटरी थोडा वेळ चालण्यासाठीच असतात, लगेच तापतात. जास्तीचा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रूही कसायचा नाही. कसला की दाब वाढतो आणि तेलाची होज फुटायची वेळ येते. आणि हौदा वर जातो पण उतरत नाही, अशी तक्रार असेल तर मोटरच्या मागे लागू नका, खाली उतरवणाऱ्या व्हॉल्व्हच्या कॉइलला करंट मिळतोय का ते बघा.