कोणाच्या खोलीचं तापमान?

पाककृतीत लिहिलं होतं, 'पीठ खोलीच्या तापमानाला दीड तास झाकून ठेवा.' लिहिणाऱ्याची खोली कुठे होती कोण जाणे. आमची नागपुरात आहे आणि महिना मे होता. कूलर बाहेरच्या खोलीत. स्वयंपाकघरात मी आणि अर्धा किलो मैदा, दोघंही घामाघूम. पाऊण तासाने डोकावलो तर पिठाने पातेल्यावरचं ताट उचललेलं आणि एक लोळ कडेवरून ओट्यावर उतरलेला.

आईने बोट लावून वास घेतला. "आंबट झालंय. इडलीचं असतं तर मी कधीच फ्रीजमध्ये टाकलं असतं."

तिने आयुष्यात यीस्ट हातात धरलेलं नव्हतं. पण आंबवणं हा तिचा प्रांत. हिवाळ्यात इडलीचं पातेलं शालीत गुंडाळायचं, उन्हाळ्यात सकाळी वाटायचं की संध्याकाळी, हे ती घड्याळ न बघता ठरवते. यीस्ट 25 ते 30 अंशांत खुशीत असतं, 60च्या आसपास मरतं, हे मी वाचून काढलेलं ज्ञान. पस्तीस अंशांच्या पुढे ते उतावीळ होतं, भराभर फुगतं आणि चव यायच्या आत पीठ ढेपाळतं. 'कोमट दूध' म्हणजे करंगळी बुडवून भाजत नाही ते, हेही आईनेच सांगितलं. मी थर्मामीटर शोधत होतो. तापाचा.

डिनर रोल हे नाव भारदस्त आहे. तसा तो लादीपावाचाच सुखवस्तू चुलतभाऊ. पाण्याऐवजी दूध, वर लोणी, थोडी साखर. पन्नास-पन्नास ग्रॅमचे गोळे ट्रेमध्ये खेटून ठेवायचे, म्हणजे फुगताना एकमेकांना टेकतात आणि कडा मऊ राहतात. पाव हा शब्दच मुळात पोर्तुगिजांकडून आलेला, आणि गोव्यातले पोदेर, म्हणजे पाववाले, पीठ फुगवायला माडाची सुर, म्हणजे माडी, वापरायचे. हे ऐकून आई म्हणाली, "म्हणजे पावाला आधीपासूनच नशा होती."

डिनर रोल जमले. दालचिनीच्या रोलवर मात्र माझी हुशारी नडली. सारणात घालायची दालचिनी मी चवीला म्हणून पिठातही दोन चमचे मळली. पीठ ढिम्म. दालचिनीतलं जे तेल आपल्याला सुगंधी वाटतं, तेच यीस्टला मारक असतं. म्हणून तर ती पिठात न मिसळता गुंडाळीच्या आत पसरतात. आपल्याकडे किराण्यात बहुतेक वेळा जाड, कडक सालीची मिळते. ती कॅसिया, चवीला तिखट. श्रीलंकेची खरी दालचिनी पातळ असते, पापुद्र्यांची, बोटाने चुरता येते. रोलसाठी मला जाडीच आवडते. नाजूक दालचिनी साखर-लोण्यापुढे ओशाळते.

दुसऱ्या वेळी साधं पीठ चौकोनी लाटलं. वर लोणी, गुळाची पावडर, दालचिनी. आई बघत होतीच. "अरे, ही तर अळूवडी!" म्हणाली आणि माझ्या हातून गुंडाळी काढून घेतली. चाळीस वर्षं अळूवडी वळणारे हात. हवा राहू नये म्हणून दर फेऱ्याला दाबत, घट्ट, कणखर गुंडाळी झाली. सुरीने चेपतील म्हणून शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा खालून सरकवून, टोकं वरून फासासारखी ओढून आम्ही बारा चकत्या पाडल्या. कापाची चक्राकार नक्षी बघून दोघंही खूश.

ओव्हनमध्ये 180 अंशांवर दहाव्या मिनिटाला प्रत्येक रोलचा मधला भाग वर यायला लागला. विसाव्या मिनिटाला ट्रेमध्ये बारा कळस उभे होते. वडी घट्ट हवी, कारण बेसन फुगत नाही. हे पीठ फुगतं, त्याला आत जागा लागते. नाही मिळाली तर ते वर वाट काढतं. खाली गूळ वितळून त्याची चिक्की झाली होती. आईने कळस बाजूला ठेवले आणि चमच्याने ती चिक्की खरवडून खाल्ली. कबुली वगैरे काही दिली नाही.

आता मे महिन्यात आम्ही पीठ रात्री मळतो आणि तासाभरात डबा फ्रीजमध्ये जातो. सावकाश, रात्रभर फुगतं, चवही जास्त येते. गुंडाळी सैल ठेवायचं काम माझं. परवा रात्री पाण्याला उठलो तर आई फ्रीजच्या उजेडात डब्याचं झाकण किलकिलं करून उभी.

"झोप तू," ती हळूच म्हणाली. "हेही झोपलंय अजून."